आपोआप लागणारं गाणं

नितू,

तू पडलास त्याच्या दुसऱ्या सकाळी गाणं लागलं. त्याच्या पुढच्या सकाळीही लागलं. तिसऱ्या सकाळी तुला उमरेडला आणून अंगणात ठेवलं होतं, माणसं जमली होती, आणि आईच्या खोलीतून एकदम बाबांचा आवाज सुरू झाला. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. कोणीतरी स्पीकर बंद करायला आत धावलं. आईनं हात वर केला. "राहू द्या," म्हणाली. तुझी शेवटची अंघोळ बाबांच्या गाण्यात झाली.

तुला आनंद झाला असता. मधे वीज जाऊन आली होती, तरी तुझा तो गाणं लावणारा प्रोग्राम कोणाची वाट न पाहता उठला आणि कामाला लागला. तुला हेच तर हवं होतं.

मी चांगलं काही लिहीन अशी आशा ठेवू नकोस. चांगलं सगळं शोकसभेत बोलून झालंय. नागपूरहून जरीपटक्यातले दुकानदार आले होते. बिलाचं कॉम्प्युटर बंद पडलं की एका फोनवर यायचा, ऐन दिवाळीच्या गर्दीतही यायचा, असं एकेकानं उठून सांगितलं. विहारातल्या काकू म्हणाल्या, आईचा श्रावणबाळ होता. मी खाली मान घालून ऐकत होते आणि मला फक्त राग येत होता. अजून येतो. शाळेत फळ्याकडे तोंड करून उभी असते तेव्हाही येतो. कोणावर काढू? हक्काचा होतास तो तूच, आणि तूच नाहीस.

तरी सुरुवात चांगली होती, ते नाकारणार नाही. आईची नजर काचबिंदूनं गेली आणि ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायला लागली, तेव्हा मला सुचलं ते एवढंच की तिच्याशी जास्त बोलावं. तू मात्र माळ्यावर चढलास आणि बाबांच्या कॅसेटची पेटी उतरवून नागपूरला घेऊन गेलास. बाबा कोळशाच्या खाणीत पाळी करायचे आणि सुटीच्या दिवशी गायन पार्टीत गायचे, एवढंच त्यांचं आयुष्य. ते गेल्यावर त्या कॅसेटना कोणी हात लावला नव्हता. काही फिती चिकटल्या होत्या. तू त्या सोडवल्यास, एकेक वाजवून कॉम्प्युटरमध्ये भरल्यास, खरखर काढलीस. पहिलं गाणं मला ऐकवलंस तेव्हा त्यात सुरुवातीला बाबांचा खाकरण्याचा आवाज होता.

"हे काहून ठेवलं गा?" मी विचारलं.

"ते काढलं तं बाबा कुठी राहिले?" तू म्हणालास.

त्या एका वाक्यासाठी मी तुला पुष्कळ माफ केलं असतं.

मी तेव्हाच म्हटलं होतं, सगळी गाणी पेन ड्राइव्हमध्ये भरून दे, मी रोज लावून देत जाईन. पण आईनं ऐकलं नाही. "तूच लाव गा नितू, तिकडून." म्हणून तू एका ग्राहकानं टाकून दिलेलं कॉम्प्युटर तुझ्या जरीपटक्याच्या खोलीत कायमचं चालू ठेवलंस, त्याला सर्व्हर म्हणायला लागलास, आणि इथे आईच्या उशाशी एक जुना मोबाइल स्पीकरला जोडून दिलास. तू तिकडे सकाळी उठून गाणं लावायचास, ते तुझ्या खोलीतही वाजायचं आणि इथेही. बाबा दोन गावांत एकदम गायचे.

आईला गाण्याहून जास्त काय मिळत होतं ते मला हळूहळू कळलं. कधी गाणं सहाच्या आधी लागायचं, तेव्हा ती म्हणायची, आज लवकर उठला, कुठंतरी जायचं असंल. कधी उशिरा लागायचं, तेव्हा म्हणायची, रात्री जेवला की नाही कोणास ठाऊक. एकदा अर्धं गाणं झाल्यावर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून लागलं, तर हसली. "चहा उतू गेला वाटते त्याचा." तिला दिसत नव्हतं, फोनवर बोलायला तू रिकामा नसायचास, पण रोज सकाळी ती तुला उठताना, चालताना पाहायची. खरंच पाहायची, नितू.

आणि लागलंच नाही तर मला फोन करायला लावायची. हे तुझ्या बाजूनं काय होतं तेही मला माहीत आहे. दुकानं बंद झाल्यावर तुझं खरं काम सुरू व्हायचं, परतायला मध्यरात्र व्हायची, आणि पहाटे आमचा फोन. "काहून नाही लागलं?" त्यात तिकडे वीज जायची. वीज गेली की सर्व्हर बंद, आली की तो सुरू व्हायचा पण गाण्याचा प्रोग्राम सुरू व्हायचा नाही. तू उठून, कुलूप उघडावं तसं पासवर्ड टाकून तो हातानं लावायचास तेव्हाच बाबा गायला लागायचे. उन्हाळ्यात तर रोजचंच. एकदा तू फोनवर ओरडलास. "मी माणूस आहे का अलार्म आहे?" मी ते आईला सांगितलं नाही.

त्यानंतर तू त्याच्या मागे लागलास. प्रोग्राम आपोआप उठला पाहिजे, वीज कितीदाही जावो. महिनाभर तुझ्याकडे दुसरा विषय नव्हता. फोन केला की तेच. एकदा म्हणालास, "ताई, लागते, अन् लगेच मरते. समजून नाही राहिलं." मला त्यातलं काही कळत नव्हतं तरी विचारत होते, कारण तेवढ्यापुरता तू बोलत होतास. मग एका संध्याकाळी तुझा फोन आला, आवाजात फटाके फुटत होते. "सापडलं! मशीन उठली का ते सगळ्यात पहिले गाणं लावाले धावत होती. पण गाणे तं बाहेरच्या डिस्कवर आहेत, अन् डिस्क जागी व्हाले वेळ लावते. नेट बी मागून येते. म्हणजे पाह्य, आचारी आला पण सिलिंडर यायचाच आहे. तो वाट नाही पाहत, घरी चालला जाते. आता त्याले सांगून ठेवलं, डिस्क अन् नेट आल्याबिगर चुलीपाशी जाऊच नको. अन् पडला तं आपल्या आपण उठ, अन् रोज सहा वाजले का गाणं लाव."

"अन् तुले काही कराचं नाही?"

"मले काहीच कराचं नाही. मी मेलो तरी गाणं लागंन."

तू हसलास. मीही हसले. तेव्हा हसले खरी.

फसवणूक कुठे सुरू झाली हे मला त्या रविवारी दिसलं. शाळेचं काम होतं म्हणून मी आदल्या दिवशीच नागपूरला आले होते आणि सकाळी तुझ्याकडे पोचले. जिन्यातच बाबांचा आवाज ऐकू आला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाबा पूर्ण गळ्यानं गात होते, कूलर धडधडत होता, आणि तू उशी डोक्यावर घेऊन घोरत होतास. त्याच वेळी उमरेडला आई तुझ्या भाऊजींना सांगत असणार, नितू उठला, नितू नीट आहे.

मी तुला हलवून उठवलं. चहाही घेतला नाही.

"तू आईले फसवून राहिला."

"फसवून काय? गाणं तेच, आवाज तोच. तिले काय फरक पडते?"

"तिले वाटते तू लावतो."

"मीच तं लावून ठेवलं आहे. ताई, तुह्या शाळेची घंटा तू वाजवते का? शिपाई वाजवते. मंग शाळा खोटी होते का?"

तू नेहमीच माझ्याहून हजरजबाबी होतास. तू म्हणालास, आईला सांगू नको, ती उगाच जीवाला लावून घेईल, आणि मला पोहे करून खाऊ घातलेस, वरून तर्री घालून, आणि मी ते खाल्ले. भांडण तिथेच राहिलं. उमरेडच्या बसमध्ये बसल्यावर मी मनातल्या मनात तुला चार उत्तरं दिली, पण खरं उत्तर मला आता कळलंय. शिपाई मेला तर शाळेची घंटा वाजत नाही, नितू. पोरं बाहेर येतात. कोणीतरी जाऊन पाहतं.

तुला जाऊन कोणी पाहिलं नाही.

तुझी घरमालकीण, ती सिंधी मावशी, माझा हात धरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "बेटा, रात को तूफ़ान आया, लाइट गई. सुबह लाइट आई और छह बजे गाना शुरू हो गया, तो हमने सोचा लड़का उठ गया." तिचं काय चुकलं? वीज आल्यावर गाणं लागलं म्हणजे कोणीतरी उठून लावलं, असंच कोणीही धरणार. तू न्हाणीघरात पडलास आणि तिथला नळ तसाच चालू राहिला होता. गच्चीवरची टाकी रिकामी झाली, तिनं पुन्हा मोटर लावली. दुसऱ्या दिवशीही टाकी रिकामी झाली, तेव्हा ती तुला रागवायला वर आली. तुझं दार तुटलं ते पाण्यासाठी. तुझ्यासाठी नाही.

मीही फोन केला होता. तू उचलला नाहीस, तू कधीच पहिल्या फोनला उचलायचा नाहीस. आणि आतल्या खोलीत गाणं वाजत होतं. ते तू लावलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. तरी ते कानावर पडलं आणि मी पोळ्या लाटायला लागले. तुझ्या यंत्रानं मलासुद्धा गुंडाळलं, सगळं माहीत असताना. याबद्दल तुझं कौतुक करू का?

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तरुण बाई होती, नजर चुकवून बोलत होती. डोक्याला मार होता, पण तू पडल्यापडल्या गेला नसावास. सकाळपर्यंत, कदाचित त्याच्याही पुढे काही वेळ असावास. लवकर कळलं असतं तर वाचला असता का, मी विचारलं. ती म्हणाली, सांगता येत नाही. सांगता येत नाही, हे तीन शब्द घेऊन मी आता उरलेलं आयुष्य काढायचं आहे.

म्हणजे त्या सकाळी गाणं लागलं तेव्हा तू होतास. फरशीवर पडलेला होतास आणि दाराबाहेर बाबा गात होते. तू ऐकलंस का? तुला कळलं का, की हे आता उमरेडलाही वाजतंय, आई ऐकतेय आणि म्हणतेय, माझा मुलगा उठला? तुला यंत्र बंद करावंसं वाटलं का? मी हे कोणाला विचारू शकत नाही. तुझ्या भाऊजींना विचारलं तर ते म्हणतात, असा विचार नको करू. मग कसा करू? कधीकधी वाटतं, निदान बाबांचा आवाज होता सोबतीला, एकटा नव्हतास. आणि लगेच वाटतं, तोच आवाज नसता तर आम्ही आलो असतो.

तुझा प्रोग्राम आधीसारखा अडाणी असता, तर त्या सकाळी गाणं लागलं नसतं. आईनं मला फोन करायला लावला असता, तू उचलला नसतास, तिनं पुन्हा लावायला सांगितला असता. मग मी मावशीला फोन केला असता, कटकट करत केला असता, आणि ती वर गेली असती. एवढा साधा रस्ता होता. तू महिनाभर खपून तो बंद केलास. आणि नीट, पक्का बंद केलास. तुझं कुठलंच काम अर्धवट नसायचं.

खोली रिकामी करायला मी तुझ्या मित्राला, रवीला, सोबत घेतलं. त्यानं सर्व्हरला स्क्रीन जोडून पाहिलं आणि रडत रडत म्हणाला, "काय बसवलं आहे ताई यानं. कुठीच चूक नाही." मी म्हटलं, बंद कर. त्याला वाटलं मी वायर काढायला सांगतेय. मी म्हटलं, वायर नाही, ते आपोआप उठणं बंद कर. त्यानं एक ओळ लिहिली. एकच. तुला महिना लागला होता. "आता मशीन उठंन," रवी म्हणाला, "पण गाणं नाही लागणार. कोणीतरी लावा लागंन." मी सर्व्हरचा डबा चादरीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन उमरेडच्या बसमध्ये बसले. कंडक्टरनं विचारलं, टीव्ही आहे का. मी हो म्हटलं.

दुसऱ्या सकाळी मी आईच्या खोलीत जाऊन बसले. भिंतीवरच्या घड्याळानं सहाचे ठोके दिले आणि पुढे काही झालं नाही. आई तशीच बसून होती.

"म्या बंद केलं," मी म्हटलं. मग सगळं सांगायचंच ठरवलं. "आई, ते तो लावत नव्हता. आपोआप लागे. बरेच दिवस झाले."

"मले माहीत आहे वं," आई म्हणाली.

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही.

"पहिले तो लावे तं कधी अदुगर, कधी मागून लागे. मंग रोजच्या रोज सहावा ठोका पडला का लगेच लागाले लागलं. माणूस असं लावते का? आंधळी झाली म्हणून बहिरी नाही झाली मी."

"मंग तू बोलली काहून नाही?"

"काय बोलू? रातच्यान थकून येते लेकरू. झोपू दे म्हटलं." मग म्हणाली, "तुह्या बाबाची झोप बी कधी पुरली नाही. पहिल्या पाळीले उठे. त्याले बी मीच उठवत होती."

आता सांग, मी कोणावर रागावू? तू तिला कळू न देता यंत्र बसवलंस. तिला कळलं, तर तुला कळू नये म्हणून ती गप्प बसली. रोज सकाळी तुला पाहण्याचं सुख तिनं आपणहून सोडून दिलं, तुला झोप मिळावी म्हणून, आणि वर मला म्हणायची, नितू उठला वाटते. माझ्यासाठी म्हणायची, की मला काळजी नको! आणि मी मधे उभी राहून तुझं गुपित सांभाळत होते. एकानं तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. आपल्या घरात सगळे एकमेकांवर एवढी माया करतात की खरं कोणी बोलत नाही. मला ती माया आता नको झाली आहे.

डबा माझ्या खोलीत खाटेखाली आहे. आईनं अजून गाणी मागितली नाहीत. मी आपणहून लावलीही नाहीत. बाबांचा तो सुरुवातीचा खाकरण्याचा आवाज ऐकायची मला इच्छा होते आणि भीती वाटते. तू तो ठेवलास याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. मानते.

एक नवीन सुरू झालंय. आई सकाळी उठते, भिंतीला हात लावत लावत माझ्या दारापर्यंत येते आणि दार वाजवते. "उठली का वं?" मी म्हणते, उठली. मग ती परत जाते. रोज. शाळेला सुटी असली तरी. तुझे भाऊजी कुशीवर वळून म्हणतात, रोज काय आहे हे. मी त्यांना गप्प करते, पण खरं सांगू का, माझीही चिडचिड होते. फार होते. पहिले काही दिवस डोळ्यांत पाणी यायचं. आता दार वाजलं की दात आवळले जातात. तुझं ते अलार्मवरून ओरडणं मला आता शब्दाशब्दानं समजतं.

परवा रविवारी मी उत्तर दिलं नाही. ठरवून दिलं नाही. तिनं दुसऱ्यांदा वाजवलं, मी पडून राहिले. ती गेली नाही. दाराखालच्या फटीत तिची पावलं दिसत होती. मग तिचा हात दारावर फिरायला लागला, वरपासून खालपर्यंत, कडी शोधत. तिनं कोणाला हाक मारली नाही, की घाई केली नाही. तिची नखं लाकडावर घासल्याचा आवाज येत होता आणि मी छताकडे पाहत होते. मला फक्त थोडं झोपायचं होतं, नितू. खरंच, एवढंच.

"उठली, आई," मी म्हटलं.

हात थांबला.

"झोप मंग," ती बाहेरून म्हणाली, आणि भिंत धरून परत गेली.